शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस, क्यूजीआयएस, जिओजेब्रा: वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. शाळेत एकच फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं असेल तर लिबरऑफिस (लिहायचं, तक्ते आणि चार्ट करायचं) टाका, दोन टाकायची असतील तर दुसरं क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं), आणि दहावीला गणित असेल तर जिओजेब्रा (आकृत्या आणि आलेख हलवून बघायचं) मोबाइलवर तरी ठेवाच. बाकी सविस्तर खाली लिहिलंय, लांबलंय जरा, पण ज्यांना खरंच लॅब चालवायचीय त्यांना कामाला येईल.

मी बीड जिल्ह्यात हायस्कूलला गणित आणि भूगोल शिकवते. लॅब म्हणजे 4 जीबी रॅमच्या जुन्या मशीन, लाइटचा नेम नाही, आणि नेट म्हणजे कुणातरी सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यामुळं हा रिव्ह्यू पुण्यामुंबईच्या चकाचक लॅबसाठी नाही, आपल्याकडच्या परिस्थितीत काय चालतं आणि काय नाही एवढंच यात आहे.

फुकटच्या सॉफ्टवेअरकडं वळायचं कारण आधी सांगते. मागं आमच्याकडं एका कंपनीचं डिजिटल क्लासरूमचं पॅकेज आलं होतं, दिसायला लई भारी, ॲनिमेशन काय, रंग काय, पण वर्ष संपलं आणि रिन्यूअलचे पैसे भरले नाहीत म्हणून सगळं लॉक. लेकरांनी त्यात केलेलं काम पण आतच अडकलं. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, ही भीतीच नाही. लिबरऑफिस, क्यूजीआयएस, आकाशातले तारे दाखवणारं स्टेलॅरियम ही सगळी अशा लायसन्सवर येतात की तुम्ही पेनड्राइव्हमध्ये घालून शेजारच्या गावच्या शाळेला दिलं तरी ते कायदेशीरच आहे, चोरून केल्यासारखं वाटायचं काही कारण नाही. आपल्याकडं अजून क्रॅक मारलेलं ऑफिस टाकून देणारे दुकानदार आहेत आणि शाळा ते घेतात, मग व्हायरस येतो आणि परीक्षेच्या टायमाला मशीन बसते. हे थांबायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता लिबरऑफिस. 2010 ला ओपनऑफिसमधून हे वेगळं निघालं, द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था सांभाळते. जुन्या मशीनवर चालतं, इन्स्टॉल करताना मराठी निवडलं तर मेनू मराठीत पण होतात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते कॅल्क, म्हणजे यातली एक्सेलसारखी शीट. मराठी नावं असलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामानं कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की बऱ्याचदा सगळा कचरा दिसतो ना, कॅल्क तसं करत नाही, ते उघडायच्या आधी एक खिडकी दाखवतं, त्यात कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 करायचा, खाली नमुना दिसतो, मराठी नीट दिसायला लागलं की ओके. लेकरांना हे एकदा दाखवलं की ती दुसऱ्याला शिकवतात. फक्त कुठल्या ऑफिसातनं डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आला असेल तर ही युक्ती चालत नाही, तो आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करावा लागतो, आणि आपल्याकडं असा डेटा अजून मोप पडलाय.

दहावीच्या सांख्यिकीला कॅल्क सोन्यासारखं आहे. वारंवारता सारणी टाका, वृत्तालेख दोन क्लिकमध्ये येतो. आयतालेखाला मात्र माझ्याकडच्या व्हर्जनमध्ये वेगळा चार्ट नाही, साधा स्तंभालेख काढून स्तंभावर डबल क्लिक करून ऑप्शन्समध्ये स्पेसिंग शून्य टक्के करायची, मग स्तंभ एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकातल्यासारखा आयतालेख दिसतो. काही जण म्हणतील एवढा खटाटोप कशाला, पण या खटाटोपातच स्तंभालेख आणि आयतालेख यातला फरक लेकरांच्या डोक्यात बसतो, मी फळ्यावर कितीही सांगितलं तरी तसा बसत नव्हता.

आम्ही कॅल्कमध्ये जायकवाडीचा पाणीसाठा पण काढला. पावसाळ्यात पेपरात रोज टक्का येतो, लेकरांनी तो वहीत लिहायचा आणि शीटमध्ये भरायचा, लाइन चार्ट तयार. यात दोन गोष्टी लेकरांना शिकवता आल्या ज्या पुस्तकात नाहीत. एक म्हणजे पेपरातला टक्का हा जिवंत साठ्याचा, म्हणजे वापरता येणाऱ्या पाण्याचा असतो, जायकवाडीची एकूण क्षमता 102 टीएमसीच्या आसपास आणि त्यातला जिवंत साठा 76 टीएमसीच्या वर, म्हणजे बातमीत शून्य टक्के आलं तरी तळाला मृतसाठा असतोच, धरण कोरडं ठाक नसतं. दुसरं, उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून न करता चाळीसपासून केली की तीच रेघ अशी चढते की बघणाऱ्याला वाटावं महापूर आला. एकाच डेटाचे दोन चार्ट शेजारीशेजारी लावले आणि विचारलं, यातला खरा कोणता? वर्गात जो वाद झाला तो बघण्यासारखा होता. आणि दोन्ही खरेच आहेत हे कळल्यावर लेकरं आता व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रत्येक आलेखाचा अक्ष आधी बघतात.

आता क्यूजीआयएस, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. गॅरी शर्मन नावाच्या माणसानं 2002 ला हे सुरू केलं, तेव्हा नाव क्वांटम जीआयएस होतं, आज जगभरातले लोक मिळून सांभाळतात. नकाशे बनवायचं, त्यावर डेटा चढवायचं सॉफ्टवेअर. याच कामाची पैसे देऊन घ्यायची सॉफ्टवेअर आहेत ती शाळेच्या बजेटमध्ये बसतच नाहीत, आणि हे फुकट असून त्यांच्या तोडीचं आहे, सरकारी खात्यांत, कॉलेजात, पाण्यावर काम करणाऱ्या संस्थांत सगळीकडं वापरतात.

पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं हे खरं. बटणंच बटणं. पण शाळेच्या कामाला त्यातली थोडीच लागतात. आम्ही केलं ते असं: मराठवाड्याच्या तालुक्यांचा नकाशा घेतला, कृषी विभागाच्या महारेन साइटवरनं पावसाचे आकडे घेतले, कॅल्कमध्ये तालुकावार शीट केली, आणि दोन्ही जोडले. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये जॉइन्स म्हणून आहे, तिथं हिरव्या प्लसवर क्लिक करून कुठला कॉलम कुठल्या कॉलमशी जोडायचा ते सांगायचं. बस. मग सिम्बॉलॉजीमध्ये ग्रॅज्युएटेड निवडलं की जास्त पावसाचा तालुका गडद, कमी पावसाचा फिका.

आणि इथंच खरी गंमत सुरू होते. नकाशा आला आणि मधेच भोकं. एक पोरगी म्हणाली, मॅडम, बीड तालुकाच गायब झालाय की! टेबल उघडून बघितलं तर तिथं पावसाच्या कॉलममध्ये नल, म्हणजे आकडाच नाही. कारण काय, तर नकाशातली नावं 2011 च्या जनगणनेतली, तिथं बीडचं इंग्रजी स्पेलिंग बी-आय-डी आहे आणि आमच्या शीटमध्ये बी-डबल ई-डी. माजलगाव तिथं मांजलेगाव आहे, अंबाजोगाई अंबेजोगाई आहे. गेवराई, केज, वडवणी यांची स्पेलिंगं तर प्रत्येक खात्याची वेगळी. जिल्ह्यांचं पण तेच, नकाशात औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नवीन आकड्यांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, कारण नावं बदलली 2023 ला आणि नकाशा त्याच्या आधीचा. सॉफ्टवेअरला हे काय माहीत, त्याला अक्षर न् अक्षर जुळायला लागतं. वरनं शिरूर! आपल्या बीडमध्ये शिरूर कासार, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ, आणि पुण्याचं शिरूर वेगळंच. आष्टी बीडमध्ये पण आहे आणि वर्ध्यात पण. कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा घेऊन नुसत्या नावानं जोडलं तर यवतमाळच्या कळंबला धाराशिवचा पाऊस पडतो.

यावर उपाय एकच, नावानं जोडायचंच नाही, कोडनं जोडायचं. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला कोड आहे, बीड 523, लातूर 524, उस्मानाबाद 525, नांदेड 511, हिंगोली 512, परभणी 513, जालना 514, औरंगाबाद 515, आणि तालुक्यांना पण वेगळे कोड आहेत. फक्त तालुक्यांचे कोड शून्यानं सुरू होतात आणि शीट तो शून्य गिळून टाकते, म्हणून कॅल्कमध्ये फाइल उघडतानाच तो कॉलम टेक्स्ट करून घ्यायचा. पावसाचा कॉलम मात्र नंबरच पाहिजे. ओळखायचं कसं, तर क्यूजीआयएसच्या टेबलमध्ये आकडे उजवीकडं चिकटलेले दिसले तर नंबर, डावीकडं चिकटले तर टेक्स्ट, आणि टेक्स्ट असेल तर ग्रॅज्युएटेडच्या यादीत तो कॉलम दिसणारच नाही. अर्धे लोक इथंच कंटाळून सोडून देतात म्हणून मुद्दाम एवढं लिहिलं.

नकाशा भरला की पुढचा विषय आणखी महत्त्वाचा, रंगांचे गट कसे पाडायचे. क्यूजीआयएस विचारतं, समान अंतर, समान संख्या, का नॅचरल ब्रेक्स (आकड्यांत जिथं आपोआप फट पडते तिथं गट तोडायचा). नांदेडच्या किनवट-माहूरकडं पाऊस हजार मिलिमीटरच्या घरात आणि आष्टीकडं सहाशेच्या आतबाहेर, एवढा फरक असला की समान अंतरानं गट पाडले तर किनवट-माहूर एकटे गडद आणि मधले बरेच तालुके एकाच रंगात. समान संख्येनं पाडले की प्रत्येक रंगात तेवढेच तालुके येतात, आणि मग दहा मिलिमीटरच्या फरकानं शेजारचे दोन तालुके वेगवेगळ्या रंगात जातात. आकडे तेच, नकाशा वेगळा. आष्टीचं एक लेकरू म्हणालं, मॅडम या नकाशात आमच्याकडं दुष्काळ दिसतोय आन् त्या नकाशात नाही. बरोबर बोललं ते. म्हणून आम्ही मग मिलिमीटरऐवजी त्या तालुक्याच्या सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला ते काढलं, कारण मराठवाड्याची सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास धरली तरी ती माहूरला पण लावायची आणि आष्टीला पण, हे काही बरोबर नाही. टक्क्यांचा नकाशा आला तेव्हा चित्रच पालटलं, नेहमी गडद दिसणारे तालुके फिके निघाले. भूगोलाच्या तासाला इतकं शांतपणे, इतका वेळ एका नकाशाकडं बघत बसलेली लेकरं मी आधी पाहिली नव्हती, आणि त्याचं कारण नकाशात त्यांचा तालुका होता, युरोपातला कुठला देश नव्हता.

क्यूजीआयएसची नावडती बाजू पण सांगते. 4 जीबीच्या मशीनवर उघडायला वेळ घेतं, मोठी फाइल टाकली की मधेच बंद पडतं, म्हणून दर थोड्या वेळानं सेव्ह करायची सवय लावावीच लागते, त्यात लाइट गेली तर विषयच संपला. डाउनलोड 1 जीबीच्या आसपास आहे, एका मशीनवर उतरवून पेनड्राइव्हनं बाकीच्यांवर टाकायचं, इन्स्टॉल करायला नेट लागत नाही. मागं जो सॅटेलाइट नकाशा दिसतो त्याला नेट लागतं, तो नादच सोडून द्यायचा. नकाशे बहुतेक शेपफाइल नावाच्या प्रकारात मिळतात, तिचा एक त्रास आहे, ती एक फाइल नसतेच, एकाच नावाच्या चार-पाच फाइली असतात, आणि लेकरं त्यातली एकच कॉपी करून घरी नेतात, मग उघडत नाही. शिवाय तिच्यात कॉलमचं नाव दहा अक्षरांच्या पुढं जात नाही आणि मराठी मजकूर कधीकधी बिघडतो. म्हणून आल्या आल्या जिओपॅकेज या दुसऱ्या प्रकारात सेव्ह करून घ्या, सगळं एकाच फाइलीत राहतं आणि मराठी पण शाबूत. भारताचा पूर्ण नकाशा लावायचा असेल तर मात्र सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून बघा, परदेशी साइटवरच्या फाइलींमध्ये काश्मीर आपल्या अधिकृत नकाशासारखं नसतं आणि शाळेच्या भिंतीवर तसला नकाशा लागणं बरं नाही.

जिओजेब्राबद्दल कमी लिहिते कारण बऱ्याच जणांना माहीत आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 ला ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना सुरू केलेलं. वर्तुळ प्रकरणात अंतर्लिखित कोनाचं प्रमेय आहे ना, वर्तुळ काढा, कंस घ्या, वरती एक बिंदू घेऊन कोन मोजायला लावा आणि तो बिंदू बोटानं वर्तुळावर फिरवा. बिंदू फिरतो, कोन हलत नाही. लेकरू तो बिंदू पुन्हा पुन्हा फिरवतं, कंसाच्या पलीकडं नेतं, तिथं कोन एकदम बदलतो, मग ते स्वतःच विचारतं असं का, आणि चक्रीय चौकोन शिकवायला आयतं दार उघडतं. वर्गसमीकरणाला पण स्लायडर लावून आलेख वरखाली करता येतो. एकच गोष्ट लक्षात ठेवा, जिओजेब्रा शाळेला फुकट आहे पण धंद्यासाठी वापरायला अट आहे, सोर्स कोड खुला असला तरी बाकीच्यांसारखं पूर्ण मोकळं नाही, आणि 2021 ला ते बायजूजनं विकत घेतलं. खासगी क्लासवाल्यांनी अटी वाचूनच वापरावं.

स्टेलॅरियम नेटशिवाय चालतं आणि लेकरांना वेड लावतं. ठिकाण आपलं गाव टाकायचं, तारीख 8 जून, दुपारचे बारा, आणि कीबोर्डवर ए दाबायचं. वातावरण निघून जातं आणि भर दुपारी सूर्यामागचे तारे दिसतात, सूर्य रोहिणीचा तारा ओलांडून मृगाकडं सरकलेला. मृग लागला, पेरणीला घाई करा, हे घरी रोज ऐकणाऱ्या लेकरांना मृग लागतो म्हणजे आकाशात नेमकं काय होतं ते पहिल्यांदा डोळ्यानं दिसतं. माझ्या वर्गातल्या एकानं हे आजोबांना मोबाइलवर दाखवलं, आजोबांनी पुढची सगळी नक्षत्रं तारखेसकट म्हणून दाखवली, आणि एकेक करून ताडून बघितली.

रॉग्राफ्स म्हणून एक आहे, इटलीतल्या मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या लोकांनी केलेलं, ब्राउझरमध्येच चालतं, डेटा कॉपीपेस्ट करायचा आणि वेगळ्या धाटणीचे चार्ट मिळतात, मराठी अक्षरं पण नीट येतात. प्रदर्शनाला पोस्टर करायचं असेल तर चांगलं, रोजच्या वर्गाला गरज नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार्ट काढायचं मॅटप्लॉटलिब अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवायला हरकत नाही पण मराठीसाठी माझा अनुभव वाईट, हिंगोली लिहिलं तर पहिली वेलांटी ह च्या दुसऱ्याच बाजूला जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. तिथं लेबलं इंग्रजीत ठेवा नाहीतर चार्ट काढून नावं नंतर लिबरऑफिसमध्ये टाका.

शिकायचं कुठं हा प्रश्न सगळे विचारतात. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, छोटेछोटे व्हिडिओ, बघत बघत शेजारच्या खिडकीत करायचं अशा पद्धतीनं बनवलेले, लिबरऑफिस, जिओजेब्रा, क्यूजीआयएस सगळ्यांचे आहेत आणि बरेच मराठीत पण आहेत. फुकट आहेत, आधी डाउनलोड करून ठेवता येतात. मराठी आवाज काही ठिकाणी जरा पुस्तकी वाटतो पण बटण कुठलं दाबायचं ते बिनचूक सांगतात, आणि आपल्याकडच्या शिक्षकांना तेच पाहिजे असतं.

माझे मार्क: लिबरऑफिस 10 पैकी 9, क्यूजीआयएस 9 (मशीन चांगली असती तर पूर्ण 10 दिले असते), स्टेलॅरियम 9, जिओजेब्रा 8, रॉग्राफ्स 7, मॅटप्लॉटलिब मराठीसाठी 4.

नवीन टाकणार असाल तर क्यूजीआयएसचं एकदम ताजं व्हर्जन घेऊ नका, लाँग टर्म रिलीज म्हणून जे असतं तेच घ्या, ते जास्त दिवस सांभाळतात आणि कमी अडखळतं. मशीनवर विंडोज 32 बिट असेल तर नवीन व्हर्जन चालणारच नाही, 3.16 हे त्याला चालणारं शेवटचं, जुन्या व्हर्जनच्या यादीत मिळतं. बीड, लातूर, धाराशिवकडच्या कुणाला तालुक्यांची कोडसहित शीट पाहिजे असेल तर खाली लिहा, मी देते, फक्त त्यात तुमच्याकडच्या मंडळांची नावं तपासून मला परत पाठवा.